किंमत छापलीत, आता उपयोगही छापा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या चिनी निळ्या-पांढऱ्या पोर्सिलेनवर, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांवर, पानभर मजकूर आला. छायाचित्रं सुंदर होती, छपाई स्वच्छ होती. पण सगळा लेख लिलावातल्या आकड्यांवर उभा होता. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात कुणीतरी घरगुती विक्रीत पस्तीस डॉलरला एक वाडगा घेतला आणि मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सोदबीज लिलावात त्याचे ७,२१,८०० डॉलर आले, ही गोष्ट त्यात रंगवून सांगितली होती. गोष्ट खरी आहे. तो वाडगा पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, मिंग घराण्यातल्या योंगल बादशहाच्या काळातला, हेही खरं. पण त्याच पानावरच्या चौकटीत ‘ही भांडी मुळात वापरासाठी नव्हतीच, ती पहिल्यापासून शोभेचीच होती’ असं ठाम विधान आहे. ते वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी जुन्या पोर्सिलेनच्या दुरुस्तीचं आणि जतनाचं काम करते. अशी भांडी रोज माझ्या हातात असतात, बुडापासून काठापर्यंत मी ती भिंगाखाली बघते. जे दिसतं ते या विधानाच्या नेमकं उलट आहे. दिव्यासाठी, औषधासाठी, चहासाठी, लोण्यासाठी, हात धुण्यासाठी, हुक्क्यासाठी, लेखणी टेकवण्यासाठी ही भांडी घडवली गेली आणि माणसांनी ती मनसोक्त वापरली.

एका बुडालेल्या जहाजापासून सुरुवात करते, कारण त्याचा कागद शिल्लक आहे. ‘गेल्डरमाल्सन’ हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज कँटनहून माल भरून मायदेशी निघालं आणि जानेवारी १७५२ मध्ये दक्षिण चिनी समुद्रात खडकावर आपटून बुडालं. १९८५ मध्ये त्यातलं पोर्सिलेन वर काढलं गेलं आणि पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये क्रिस्टीजनं त्याचा लिलाव केला. ‘नानकिंग कार्गो’ या नावानं तो गाजला. वृत्तपत्रांना तेव्हाही आकडेच दिसले. मला मात्र कंपनीच्या दप्तरातली मालाची यादी कुठल्याही लिलावापेक्षा मोलाची वाटते. चहाचे पेले आणि बश्या ६३,६२३. कॉफीचे पेले आणि बश्या १९,५३५. चॉकलेट पिण्याचे पेले ९,७३५. चहादाण्या ५७८, दुधाचे चंबू ५४८. जेवणाच्या सपाट ताटल्या १४,३१५. लोणी ठेवायची भांडी १९५. आणि थुंकदाण्या २९९.

थुंकदाणी कुणी शोभेसाठी समुद्रापलीकडून मागवत नाही. ही यादी म्हणजे हजारो घरांच्या स्वयंपाकघरांची आणि जेवणघरांची मागणी आहे. शिवाय त्या जहाजाचा खरा किमती माल होता चहा. पोर्सिलेनच्या पेट्या तळाशी रचत आणि चहा त्यांच्यावर. पोर्सिलेन जड असल्यानं जहाजाला तळाशी भार मिळतो, त्याला पाणी लागलं तरी काही बिघडत नाही, आणि त्याचा वास चहाला लागत नाही. म्हणजे जहाजाच्या पोटातसुद्धा ही भांडी नुसती प्रवासाला बसलेली नव्हती, काम करत होती. पुढे दोनशेहून अधिक वर्षं समुद्रतळावर त्यांना जपलं ते त्यांच्यावर साचलेल्या चहाच्याच थरानं. जाता जाता एक सांगते: त्या उत्खननात भांडी निघाली, पण खुद्द जहाजाची शास्त्रशुद्ध नोंद झाली नाही. अनेक पुरातत्त्वज्ञांनी त्यावर सडकून टीका केली आणि ती रास्त होती. कोणती पेटी कशाला लागून होती, खलाशी स्वतः कशात जेवत होते, हे समजायची संधी त्यासोबत गेली.

ही भांडी इतकी कामाची का ठरली, त्याचं उत्तर त्यांच्या घडणीत आहे. चीनच्या ज्यांगशी प्रांतात जिंगदेझेन हे शहर आहे. तिथे दोन गोष्टी मिसळत. एक काओलिन, म्हणजे जवळच्या गाओलिंग टेकडीच्या नावानं ओळखली जाणारी पांढरी माती, आणि दुसरा कुटून बारीक केलेला एक दगड. भट्टीची आच तेराशे अंश सेल्सियसच्या आसपास गेली की दगडाचा भाग वितळून काचेसारखा होतो आणि काओलिन आकार धरून ठेवतं. त्यातून जे अंग तयार होतं ते पाणी पीत नाही, तेल शोषत नाही, कालच्या जेवणाचा वास आजच्या जेवणाला देत नाही. मातीचं साधं भांडं हे करू शकत नाही आणि धातूचं भांडं आंबट पदार्थापुढे हरतं.

आता निळा रंग. तो कोबाल्टचा. भांडं कच्चं असतानाच, न भाजलेल्या कोरड्या अंगावर, कोबाल्टच्या पाण्यानं कुंचल्यानं चित्र काढतात. त्या वेळी ते निळं दिसतच नाही, करडं-काळपट दिसतं. कच्ची माती रंग तत्क्षणी ओढून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. मग वरून पारदर्शक झिलईचा, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाचा, थर आणि एकदाच भट्टी. बाहेर येतं तेव्हा चित्र अंग आणि झिलई यांच्या मधे कायमचं बंद झालेलं असतं. घासा, धुवा, लिंबू लावा, रंगाला हात लागत नाही. मला विचाराल तर जगभरच्या स्वयंपाकघरांनी हे भांडं उचललं ते याच गुणासाठी. त्याचं देखणेपण त्याच्यासोबत आलं.

चौदाव्या शतकातलं आणि पंधराव्याच्या सुरुवातीचं उत्तम कोबाल्ट इराणच्या बाजूनं येत असे. त्यात लोहाचं प्रमाण जास्त, म्हणून रंग जिथे दाट बसला तिथे काळसर ठिपके उमटतात. बोट फिरवलं तर काही ठिकाणी तो ठिपका झिलईत किंचित खचलेला जाणवतो. पुढच्या काळातल्या नकलाकारांनी हे ठिपके कुंचल्यानं मुद्दाम काढले. ते बोटाला लागत नाहीत, डोळ्यालाच दिसतात. आणि एकाच भांड्यावर एकाच माणसाचा हात फिरत नसे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जिंगदेझेनमध्ये राहिलेल्या देंत्रेकोल या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूनं १७१२ आणि १७२२ च्या पत्रांत कारखान्यांचं वर्णन केलं आहे. काठाखालचं वर्तुळ आखणारा कारागीर वेगळा, फुलांची रेषा काढणारा वेगळा, आत रंग भरणारा वेगळा. इतकी कामाची वाटणी शोभेच्या चार वस्तूंसाठी कुणी करत नाही. ती रोजच्या मालासाठी लागते.

वापराचे पुरावे तर आशिया-आफ्रिकेभर विखुरले आहेत. युआन काळात, म्हणजे चौदाव्या शतकात, चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाचे थाळे घडवले गेले. चिनी माणूस छोट्या वाडग्यात जेवतो, त्याला एवढ्या थाळ्याचं काय काम? ते थाळे पश्चिम आशियासाठी होते, जिथे पंगत एका थाळ्याभोवती बसते आणि सगळे त्यातूनच खातात. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही दहा हजारांहून अधिक चिनी भांडी आहेत आणि त्यांतली मांडलेली भांडी मुख्यतः राजवाड्याच्या जुन्या मुदपाकखान्यांच्या इमारतींत आहेत. तिथे ती अगदी योग्य जागी आहेत. तुर्की कारागिरांनी फुटक्या सुरयांना धातूच्या तोट्या बसवल्या, काठ गेलेल्यांना धातूचा काठ दिला आणि भांडं परत कामाला लावलं. दिल्लीत फिरोजशाह तुघलकाच्या कोटल्यात १९६१ मध्ये चौदाव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या खापऱ्यांचा मोठा साठा मिळाला. त्यातल्या काहींच्या बुडावर शाही मुदपाकखान्याची खूण कोरलेली आहे. खजिन्याची नव्हे, मुदपाकखान्याची. इराणच्या शाह अब्बासनं १६११ मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला अकराशेहून अधिक चिनी भांडी अर्पण केली आणि वक्फ केल्याचा मजकूर त्यांच्यावर कोरून घेतला. अर्पण होण्याआधी त्यांतल्या कित्येकांवर आधीच्या मालकांच्या खुणा पडलेल्या होत्या. ज्या घरात भांडी बाहेर जातात, पंगतीला उसनी दिली जातात, तिथेच भांड्यांवर नाव घालायची वेळ येते.

आपल्या लेखात हत्तीच्या आकाराच्या एका वस्तूचं छायाचित्र होतं आणि खाली ‘शोभेचा हत्ती’ असं लिहिलं होतं. ती केंडी आहे, म्हणजे पाण्याचं भांडं. नीट बघितलं तर हत्तीच्या पाठीवर भरायचं तोंड आहे आणि पुढे तोटी आहे. आग्नेय आशियात केंडीतून पाणी पीत, तोटीला ओठ न लावता वरून धार धरून. वानली बादशहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, जिंगदेझेनला हत्तीच्या आणि बेडकाच्या आकाराच्या केंड्या परदेशी गिऱ्हाइकांसाठी मोठ्या संख्येनं झाल्या. तंबाखू पोचल्यावर इराणात याच केंड्या हुक्क्याचं बूड झाल्या, पाठीवरच्या तोंडात चिलमीची दांडी, तोटीला नळी. कारागिरानं एका कामासाठी केलेलं भांडं दुसऱ्या मुलुखानं दुसऱ्याच कामाला लावलं. हे छायाचित्राखालच्या ओळीत आलं असतं तर वाचकाला तो हत्ती जिवंत दिसला असता.

खुद्द चीनमधले उपयोग तर आणखी नानाविध. ब्रिटिश म्युझियममध्ये पाच शिखरांच्या डोंगराच्या आकाराचं कुंचला टेकवायचं एक ठेवणं आहे, झेंगद बादशहाच्या काळातलं, १५०६ ते १५२१ मधलं. त्यावर फारसीत ‘खामादान’ लिहिलं आहे, म्हणजे लेखणी ठेवायची वस्तू. आपण कशासाठी आहोत हे अंगावर लिहून घेतलेली यापेक्षा नेमकी वस्तू मी पाहिलेली नाही. शुआंद बादशहाला झुंजीच्या रातकिड्यांचा नाद होता. त्याच्यासाठी केलेल्या निळ्या-पांढऱ्या झाकणाच्या डब्यांच्या खापऱ्या जिंगदेझेनच्या झूशान भागात, शाही भट्टीच्या जागी, जमिनीतून निघाल्या. मी तिथे गेले होते तेव्हा जोडलेले ते डबे पाहिले. झाकणांना हवेसाठी भोकं ठेवलेली आहेत. ती भोकं बघताना सगळ्यात जास्त जाणवतं ते करणाऱ्याचं ध्यान. ड्रॅगनची नक्षी तो डोळे मिटून काढू शकला असता, पण किड्याला श्वास मिळावा म्हणून भोक कुठे आणि केवढं ठेवायचं, हे त्यानं विचार करून ठरवलं आहे.

वानली बादशहाची कबर, बीजिंगजवळची दिंगलिंग, १९५६ ते १९५८ मध्ये उघडली गेली. आत निळ्या-पांढऱ्या पोर्सिलेनचे प्रचंड रांजण होते, तेलानं भरलेले, त्यात वात. हे अखंड दिवे. कबर बंद झाल्यावर हवा संपली आणि ते विझले. त्या रांजणांवर वानलीची नव्हे, त्याच्या आजोबाची, ज्याजिंग बादशहाची मुद्रा आहे. नातवाच्या मरणाला आजोबाच्या काळातला रांजण दिवा म्हणून लावला. राजवाड्यातसुद्धा जुनं भांडं पिढ्यान्‌पिढ्या कामात राहत असे, याचा याहून स्पष्ट दाखला शोधायची गरज नाही.

आणि ज्यांना सगळं जग ‘डेव्हिड व्हाझेस’ म्हणून ओळखतं, त्या उंच फुलदाण्यांच्या जोडीचं काय? त्यांच्या मानेवर १३५१ सालाचा लेख आहे. झांग वेनजिन नावाच्या भक्तानं घरच्यांच्या सुखरूपतेसाठी त्या एका ताओपंथी देवळाला धूपदानासह अर्पण केल्याचं त्यात नोंदलं आहे. धूपदान हरवलं. आज संग्रहालयात दोन फुलदाण्या आहेत आणि त्यांच्या मधली जागा रिकामी आहे. युआन काळातलं निळं-पांढरं काम कसं होतं, हे अभ्यासकांना ठरवता आलं ते याच लेखामुळे. देवापुढच्या पूजेच्या भांड्यावर भक्तानं तारीख घातली, म्हणून कलेच्या इतिहासाला तारीख मिळाली.

काही वापर मला स्वतःला फार हलवून गेले. केनियात मांब्रुई इथे आणि टांझानियात कुंदुची इथे स्वाहिली लोकांच्या जुन्या कबरींवर उंच खांब आहेत आणि त्या खांबांत चिनी वाडगे नि बश्या चुन्यात बसवल्या होत्या. बऱ्याच जणांनी त्या उकरून नेल्या, कित्येक ठिकाणी आता नुसते गोल खळगे उरले आहेत. लिस्बनमधल्या सांतोस राजवाड्यात एका खोलीच्या पिरॅमिडसारख्या छताला अडीचशेहून अधिक निळ्या-पांढऱ्या थाळ्या जडवल्या आहेत. शोभेचा वापर म्हणायचा तर हा, आणि तो चीनबाहेर, पोर्तुगीज घरात. आपल्या चौकटीतलं विधान या एका खोलीपुरतं मी मान्य करते.

जपानची तऱ्हा निराळी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी चहापानाच्या जाणकारांनी जिंगदेझेनला स्वतःच्या पसंतीची भांडी सांगितली: पाण्याची, कोळशावरच्या धुपाची, जेवणाच्या छोट्या बश्या. त्यांच्या काठांवरून झिलईचे बारीक टवके उडालेले असतात, कारण झिलई आणि अंग थंड होताना सारखे आकसत नाहीत. चिनी दरबारानं असा माल नाकारला असता. जपान्यांनी त्या टवक्यांना ‘किड्यानं खाल्लेलं’ असं नाव देऊन त्यांची आवड जोपासली. डच व्यापाऱ्यांनी १६३५ मध्ये तैवानहून लाकडाचे कातीव नमुने रंगवून चिनी व्यापाऱ्यांकडे पाठवले: रुंद काठाच्या ताटल्या, मिठाची भांडी, मोहरीची भांडी, हात धुवायची तस्तं. चिनी कारागिरानं मोहरीची चटणी कधी चाखली नसेल, पण लाकडाचा नमुना बघून त्यानं भांडं बिनचूक केलं.

आता माझ्या टेबलाविषयी. सध्या समोर एक ताटली आहे, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, युरोपसाठी केलेली, नदी-पूल-घरं असं नेहमीचं चित्र. बाजारात अशा ताटल्यांना फार भाव नाही. उजेड तिरपा धरला की तिच्या मध्यावर दोन तऱ्हांचे चरे दिसतात. एक तऱ्हा सरळ, आखूड, एकमेकांना छेदणारे, पुलाच्या आणि झाडाच्या आसपास सगळ्यात दाट. या सुऱ्यांच्या खुणा. बहुतेक एकाच बाजूला झुकलेल्या आहेत, म्हणजे जेवणारे बहुतेक उजव्या हाताचे. दुसरी तऱ्हा म्हणजे एक पुसट, पूर्ण वर्तुळ. ते सुरीचं नाही. ते वरच्या ताटलीच्या बुडाच्या कडेचं आहे. बुडाची कड बिनझिलईची, खरखरीत असते. ताटल्या एकावर एक रचल्या, काढल्या, परत रचल्या, की वरची खालचीला घासते. या ताटलीची स्वतःची बुडकड मात्र हाताला गुळगुळीत लागते, म्हणजे हीसुद्धा कुणाच्या तरी वर वर्षानुवर्षं घासली गेली. एका ताटलीत मला पूर्ण फडताळ दिसतं आणि तिच्यावर जेवून उठलेली माणसं दिसतात.

हे चरे ‘दोष’ म्हणून विक्रीच्या यादीत लिहिले जातात आणि त्यामुळे किंमत उतरते. अलीकडे काही लोक ते झाकायला रासायनिक लेप लावून आणतात. मी तसं काम घेत नाही. अतिनील दिव्याखाली तो लेप वेगळाच चकाकतो आणि बिंग फुटतं, पण मुद्दा पकडले जाण्याचा नाही. ते चरे म्हणजे त्या ताटलीची सर्वात खरी नोंद आहे, बुडावरच्या मुद्रेहूनही खरी. मुद्रा खोटी असू शकते आणि पुष्कळदा असतेच. कांगशी बादशहाच्या काळात (१६६२ ते १७२२) केलेल्या कितीतरी भांड्यांवर दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगहुआ बादशहाची मुद्रा सर्रास घातलेली आढळते. त्यात नेहमी फसवणुकीचा हेतू होता असंही नाही, जुन्या कामाविषयी आदरही होता. म्हणून नुसती मुद्रा वाचून ‘पंधराव्या शतकातलं’ असं छापू नये, ही एक विनंती.

मग आज ही भांडी वापरावीत का? लोक मला हे सतत विचारतात, आणि लेखात ‘चुकूनही वापरू नका’ असा सरसकट सल्ला आहे. तो मला पटत नाही. २०१४ मध्ये हाँगकाँगला चेंगहुआ काळातला कोंबड्यांच्या चित्राचा छोटा पेला २८ कोटी १२ लाख हाँगकाँग डॉलरला विकला गेला. त्याच्या चित्राची बाह्यरेषा झिलईखालच्या निळ्या रंगाची आहे, वरचे रंग नंतर चढवलेले. घेणाऱ्या ल्यू यिच्येन यांनी त्यातून चहा प्यायला आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मला ती टीका अन्यायाची वाटली. पेला पिण्यासाठी केलेला आहे. एक घोट घेऊन त्यांनी पेल्याचा अपमान केला नाही. असा पेला रोज वापरावा असं मी म्हणणार नाही, कारण एकदा हातून निसटला की तो परत होणे नाही. पण वापर आणि अनादर या दोन गोष्टी एक नाहीत.

ज्यांच्या घरी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला साधा, धडधाकट निळा-पांढरा वाडगा किंवा बशी आहे, त्यांना माझं सांगणं असं. रंग झिलईखाली असेल आणि फक्त निळा असेल, तर त्यात फळं, सुकामेवा, थंड किंवा कोमट पदार्थ ठेवायला हरकत नाही. निळ्याच्या जोडीला लाल, हिरवा, गुलाबी, सोनेरी असेल तर थांबा. ते रंग झिलईवर कमी आचेत बसवलेले असतात आणि त्यांत शिसं असू शकतं. अठराव्या शतकात युरोपातल्या काही कारखान्यांनी साध्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर नंतरून असे रंग चढवले, त्यामुळे भांडं चिनी आहे एवढ्यानं खात्री धरू नये. उकळता चहा जुन्या पेल्यात ओतू नका. डोळ्याला न दिसणारा केसासारखा तडा उष्णतेनं धावत सुटतो. बोटाच्या पेरानं हळू टिचकी मारा. धड पेला टणत्कार देतो, तडा असलेला बसक्या आवाजात उत्तर देतो. भांडी धुवायच्या यंत्रात आणि मायक्रोवेव्हमध्ये कधीच नको. धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण, तळाशी टॉवेल. जुनं चिकटवलेलं भांडं पाण्यात बुडवून ठेवू नका, जुना सरस विरघळतो. जोडलेल्या भांड्यात खायचं तर मुळीच नको, जोडायला काय वापरलंय ते बाहेरून कळत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं मागते. फुलदाण्यांना दिवा बसवण्यासाठी भोक पाडू नका. विसाव्या शतकात ही फॅशन फार पसरली. तार ओवायला बुडाला छिद्र, वर बल्ब, त्यावर छत्री. माझ्याकडे एकदा कांगशी काळातली एक सुरेख बरणी आली, आकार डौलदार, निळा रंग नीलमण्यासारखा खोल, आणि बुडाच्या बरोबर मधोमध, मुद्रेच्या जागी, ओबडधोबड भोक. छिद्राच्या कडेनं झिलईचे टवके उडाले होते आणि तिथून एक तडा भिंतीवर चढला होता. मी तो तडा थांबवला. भोक मात्र कायमचं आहे. पाणी धरण्यासाठी केलेलं भांडं आता पाणी धरू शकत नाही. दिवा हवाच असेल तर भोक न पाडता, बाहेरून आधार देऊन बसवता येतो. चांगला सुतार आणि चांगला वायरमन मिळून हे काम सहज करतात.

याच्या उलट, भांड्याला धातूचे टाके असतील तर ते काढून घेऊ नका. चीनमध्ये फुटकी भांडी जोडणारे फिरते कारागीर होते. फुटलेल्या कडा जुळवून दोन्ही बाजूंना, भिंतीच्या आरपार न जाता अर्ध्या जाडीपर्यंत, हिऱ्याच्या टोकाच्या गिरमिटानं भोकं पाडायची आणि त्यात धातूचा छोटा टाका बसवायचा. सरस नाही, सिमेंट नाही. ‘हिऱ्याचं गिरमिट नसेल तर पोर्सिलेनचं काम अंगावर घेऊ नको’ अशी चिनी म्हणच आहे. आजचे बरेच विक्रेते टाके काढून भोकं बुजवून वरून रंग देतात, म्हणजे भांडं ‘अखंड’ दिसतं. पण टाका सांगतो की कुणालातरी हे भांडं फेकायचं नव्हतं, त्यातून परत जेवायचं होतं. शक्यतो टाके तसेच राहू द्यावेत. गंजून झिलईवर डाग पाडत असतील तरच ते जाणकाराकडून काढावेत, आणि काढलेले टाके एका पाकिटात घालून भांड्यासोबत ठेवावेत.

तेव्हा संपादक महोदय, यापुढे असं छायाचित्र छापाल तेव्हा खालच्या ओळीत रकमेच्या आधी चार गोष्टी असाव्यात: भांडं कुठल्या भट्टीचं, कुठल्या काळातलं, कुणासाठी केलेलं आणि कशासाठी वापरलेलं. हत्तीच्या त्या छायाचित्राखालची ओळ पुढच्या अंकात दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक
(जुन्या पोर्सिलेनच्या दुरुस्तीचं काम करणारी)